तापमान स्थिर असताना

बॉइलचा नियम विचारला तर आमच्या जिल्ह्यातला अकरावीपर्यंत पोचलेला कोणताही माणूस झोपेतून उठून सांगेल: दाब वाढला की आकारमान घटतं, दाब घटला की आकारमान वाढतं. एवढं सांगून तो पुन्हा झोपेल. परीक्षेत त्याचा अर्धा मार्क गेलेला असतो आणि तो का गेला हे त्याला आजतागायत कळलेलं नसतं. नियमाच्या सुरुवातीला 'तापमान स्थिर असताना' असे तीन शब्द आहेत, ते त्याने गाळलेले असतात. त्याला तरी काय दोष द्यायचा? सुरुवातीचं कुणीच ऐकत नाही. वर्ग असो की सभा, माणूस टेकायला जागा शोधेपर्यंत पहिलं वाक्य होऊन गेलेलं असतं.

आमच्या सरांचा मात्र त्या तीन शब्दांवर फार जीव. "अट सोडून नियम सांगितला की ती अफवा होते," असं म्हणून ते लाल पेनाने अर्धा मार्क कापायचे. 'ठरावीक वस्तुमानाच्या वायूचे' ही दुसरी अट राहिली तर आणखी अर्धा. म्हणजे नियम पूर्ण पाठ असूनही दोनपैकी एकच मार्क हातात पडायचा. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचं इंजिनिअरिंग या दोन अटींपायी हुकलं, असं त्या पोरांचं म्हणणं आहे. उरलेली कारणं ती सांगत नाहीत.

गंमत म्हणजे सरांनी खुद्द बॉइलचाही अर्धा मार्क कापला असता. रॉबर्ट बॉइल हा आयर्लंडमधल्या एका गडगंज सरदाराचं चौदावं अपत्य. पैशाची ददात नाही, लग्नाची भानगड नाही, त्यामुळे हवेवर प्रयोग करायला पुष्कळ सवड. हवा ही लोकरीच्या पुंजक्यासारखी असते, दाबली की दबते आणि सोडली की फुलते, असं त्याने १६६० साली पुस्तक लिहून मांडलं. आमच्याकडच्या धनगराला हे एका वाक्यात पटलं असतं. पण लायनस नावाच्या एका पाद्री विद्वानाला पटेना. हवेत एवढी कसली आली ताकद, तो म्हणाला. नळीतला पारा वर राहतो तो हवेच्या रेट्याने नव्हे, एक अदृश्य दोरी त्याला वरून ओढून धरते. आता अशा माणसाशी काय बोलायचं? आपण असतो तर ओट्यावरून उठून गेलो असतो. बॉइल उठला नाही. त्याने इंग्रजी जे अक्षराच्या आकाराची लांबच लांब काचेची नळी केली. ती इतकी लांब होती की जिन्यात उभी करावी लागली. वर एक माणूस पारा ओतायला, खाली एक माणूस "बस, बस" म्हणायला. काच फुटली तर पारा वाया जाऊ नये म्हणून खाली लाकडी पेटी ठेवलेली. श्रीमंताघरचा असला तरी माणूस हिशेबी होता. नळीच्या बंद टोकात कोंडलेली हवा निम्मी होईपर्यंत पारा ओतला, तेव्हा उघड्या बाजूचा पारा जवळजवळ २९ इंच जास्त चढला होता. बाहेरच्या हवेचा दाबही तेवढाच. म्हणजे दाब दुप्पट, हवा निम्मी. १६६२ साली त्याने आकड्यांचा हा तक्ता लायनसला उत्तर म्हणून छापला. विज्ञानातला एवढा गाजलेला नियम, पण जन्म झाला तो भांडणात.

या तक्त्यात 'तापमान स्थिर असताना' ही अट मात्र नाही. उष्णतेने हवा फुगते हे बॉइलला ठाऊक होतं, पण नियम म्हणून लिहिताना ते राहून गेलं. ती अट पुढे मारिओत नावाच्या फ्रेंच माणसाने घातली असं सांगतात, आणि फ्रान्समध्ये या नियमाला त्याचंही नाव देतात. बॉइलच्या हाताखाली रॉबर्ट हूक नावाचा हुशार माणूस होता आणि हवा उपसायचा पंप त्यानेच बांधला होता. त्याच्या नावाने यातलं काहीच नाही. प्रॅक्टिकल करणारा एक, जर्नलवर नाव दुसऱ्याचं आणि अट तिसऱ्याची. ही परंपरा आपल्याकडच्या प्रयोगशाळांनी नंतर निष्ठेने चालवली.

प्रयोगशाळेवरून आठवलं. धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंचावर, बालाघाटाच्या डोंगरात. एवढ्या उंचीवर हवेचा दाब सात-आठ टक्क्यांनी कमी भरतो. मुंबईत पारा ७६ सेंटिमीटर उभा राहत असेल तर आमच्याकडे सत्तरच्या आसपास. पुस्तकात मात्र ७६. आमच्या वर्गातल्या एका सरळमार्गी पोराने नळीशेजारी पट्टी लावून ७०.४ असं लिहिलं. त्याला लॅबमधल्या मामांनी बाजूला घेऊन प्रेमाने समजावलं, "बाळा, बोर्डाचा पारा शहात्तरच असतोय." पोराने खोडरबर काढलं.

याच हिशेबाने मुंबईत बंद केलेला वेफर्सचा पुडा आमच्याकडे येईस्तोवर सात-आठ टक्के जास्त फुगतो. आतला माल तेवढाच, बाहेरचा दाब कमी. मुंबईला नोकरीला गेलेली माणसं गणपतीत, दिवाळीत गावी आली की जरा फुगून वागतात, याबद्दल मी पूर्वी मनात राग धरत असे. आता धरत नाही.

बॉइलचा नियम समजावताना शिक्षकमंडळी हमखास एसटीचा दाखला देतात. नवरात्रात किंवा पौर्णिमेला सोलापूरहून तुळजापूरला जाणारी गाडी घ्या, कंडक्टर "पुढं सरका, पुढं सरका, मागं माणसं हायेत" म्हणत राहतो, दाब वाढत जातो आणि माणसांचं आकारमान घटत जातं, असा तो दाखला. मला तो साफ नामंजूर आहे. वायू दबतो याचं कारण त्याच्या रेणूंच्या मध्ये रिकामी जागाच जागा असते. साध्या हवेत रेणूंनी खरोखर व्यापलेला भाग हजारात एकाच्या आसपास, बाकी सगळी मोकळी जागा. पौर्णिमेच्या एसटीत रिकामी जागा आहे असं म्हणणाऱ्याने एकदा त्या गाडीत उभं राहून दाखवावं. ते प्रवासी वायू नव्हेतच, ते द्रव. द्रव दाबला तरी दबत नाही, दाब तेवढा सगळीकडे सारखा पोचवतो. मागच्या दाराशी एक मामा आत घुसले की पुढे ड्रायव्हरच्या गिअरला कुणाची तरी पिशवी लागते, याला पास्कलचा नियम म्हणतात आणि तो वेगळ्या धड्यात आहे. कंडक्टरची बॉइलवर श्रद्धा असते एवढंच खरं. पण श्रद्धेने रेणूंच्या मधली जागा वाढत नाही.

खरा बॉइल बघायचा तर हायवेला जावं. सोलापूर-धुळे रस्ता आमच्या जिल्ह्यातून तुळजापूर, धाराशिव, येरमाळा असा वर निघतो. कडेला थोड्या-थोड्या अंतराने एकेक दुकान: खांबाला टांगलेलं टायर, त्यावर पांढऱ्या रंगाने 'पंक्चर' आणि बाणाखाली 'हवा'. यातल्या कित्येक दुकानांचे मालक केरळचे. इकडे शेतात बोअर मारायला येणाऱ्या गाड्या तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. हवा केरळच्या ताब्यात, पाणी तमिळनाडूच्या ताब्यात, आमच्याकडे उरतो तो दाब.

दुकानात एक लांबोळकी लोखंडी टाकी आडवी पडलेली असते. तिच्यावर मोटर, पट्टा आणि पंख्या-पंख्यांचं डोकं असलेला पंप. मोटर सुरू झाली की तो धडाधडा हवा कोंबायला लागतो, काटा चढत जातो, ठरल्या जागी पोचला की 'फिस्स' करून सगळं थांबतं. सांगायचं तर दीडशे लिटरच्या टाकीत आठ वातावरणांचा दाब म्हणजे बाहेरची बाराशे लिटर हवा आत बसलेली. हा शुद्ध बॉइल. पण त्या पंपाच्या डोक्याला हात लावून बघा. किंवा नकाच लावू. ट्यूबमधली गळती शोधायला जे घमेलं असतं, त्यात बुचकळलेलं फडकं मालक वाळायला त्या डोक्यावर टाकतो आणि त्यातून वाफ निघते. तापमान स्थिर असताना म्हणे! ३० अंशांची हवा एका झटक्यात सातपट दाबावर नेली आणि उष्णतेला बाहेर पडायला वावच दिला नाही, तर हिशेबाने ती अडीचशे अंशांपर्यंत जाते. भजी तळायला एवढं लागत नाही.

सायकलच्या हातपंपाचं तेच. दहा-बारा दट्टे मारले की नळीचं बूड चटका देतं. "वॉशर घासून गरम होतंय," असं प्रत्येक गावातलं प्रत्येक पोरगं सांगतं. घासण्याचाही थोडा वाटा असतो, पण मुख्य काम दट्ट्या करतो. अंगावर चालून येणाऱ्या दट्ट्यावर रेणू आपटतात आणि पहिल्यापेक्षा जास्त वेगाने परत फिरतात, आणि रेणूंचा वेग वाढला म्हणजेच हवा तापली. तापमान स्थिर ठेवायचं तर दट्टा इतका सावकाश दाबायला हवा की उष्णता पत्र्यातून मुकाट्याने निघून जावी. नियमाला बाकी काही लागत नाही, फक्त सवड लागते. पण हवा भरायला आलेल्या माणसाकडे सवड नसते. तोच माणूस हवा भरून झाली की शेजारच्या टपरीवर तासभर बसतो. त्या तासात टायर गार होतं, दाब थोडा उतरतो, आणि हा पुन्हा येऊन म्हणतो, "मालक, हवा कमी भरलाव की हो."

सीएनजीच्या रांगेतही हीच तक्रार ऐकू येते. दोनशे बारचा दाब दाखवून पाइप काढला, पण भरताना टाकी तापलेली. गार झाल्यावर काटा खाली. रिक्षावाले याला "मापात पाप" म्हणतात. पंपावरचा पोरगा बॉइल-मारिओत वगैरे सांगत बसत नाही, तो पुढची गाडी घेतो.

दुसरी अट, वस्तुमान ठरावीक असण्याची, तिची गोष्ट सोपी. ती मोडली की पंक्चर म्हणतात.

घरातल्या गॅसवर मात्र बॉइलचं काही चालत नाही आणि गृहिणींचं सगळं दुःख त्यातूनच निघालं आहे. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये गॅस बहुतांशी द्रवाच्या रूपात असतो. जेवढा जळतो तेवढा खालच्या द्रवातून पुन्हा तयार होतो, म्हणून आतला दाब पहिल्या दिवशी तसाच पंचविसाव्या दिवशी. बॉइलप्रमाणे चाललं असतं तर गॅस संपत आला की शेगडी हळूहळू मंद झाली असती आणि माणसाने वेळेत नंबर लावला असता. तसं होत नाही. ज्योत शेवटपर्यंत ताठ असते आणि पाहुणे ताटावर बसले, आमटीला पहिली उकळी आली की मग माघार घेते. आमच्या मावशी सिलिंडर ओल्या फडक्याने पुसून बघतात. द्रव असतो तिथवर ओल उशिरा वाळते, वर लवकर वाळते, आणि आतली पातळी पत्र्यावर उमटते. याला कोणत्याही जर्नलमध्ये जागा नाही, मार्क तर नाहीतच.

आणि तापमानाची अट सगळ्यांनी पाळायचीच असं ठरवलं तर आमची शेती त्याच दिवशी बंद पडेल. ट्रॅक्टरच्या इंजिनात ठिणगी पाडायला प्लग नसतो. दट्ट्या हवेला सोळा-सतराव्या हिश्शापर्यंत चेचतो, तेही इतक्या झटक्यात की हवा पाचसहाशे अंशांवर जाते, आणि त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपलं आपण पेटतं. रुडॉल्फ डिझेलने १८९० च्या दशकात हे जमवलं. तापमान स्थिर राहिलं असतं तर दाब वाढला असता, धूर नाही, धडधड नाही, नुसता दट्ट्या वर-खाली. थंडीत पहाटे ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा तो बॉइलच्या जास्त जवळ असतो. मालक त्या वेळी जे बोलतो ते छापता येत नाही.

एवढा जिल्हा धुंडाळून ती अट मनापासून पाळणारा मला एकच सापडला, तो म्हणजे बोअरमधला बुडबुडा. त्याची ओळख जरा सविस्तर करून द्यायला हवी.

आमच्याकडे पाणी काळ्या पाषाणाच्या फटीत असतं, आणि फट कुठे आहे हे पाणाड्याच्या तळहातावरच्या नारळाला माहीत असतं. नारळ उभा राहिला की खूण करायची. मग गाडी येते. गाडी म्हणजे दोन ट्रक, एकावर रिग, दुसऱ्यावर घराएवढा कॉम्प्रेसर. कॉम्प्रेसरची हवा पोकळ रॉडमधून खाली जाते, टोकाचा हातोडा ठोकते आणि दगडाचा भुगा घेऊन कडेने वर येते. राखाडी फुफाट्याचा लोट उठतो, रिगवरची पोरं, घरमालक, बघे, कडेचा लिंब सगळे एका रंगाचे होतात. २००९ च्या भूजल कायद्याने खोलीला ६० मीटरची, म्हणजे दोनशे फुटांची मर्यादा घातली. पाण्याने काही तो कायदा वाचला नाही. ते खालीच जात राहिलं आणि त्याच्यामागून आम्ही.

आमच्या शेजारच्या तात्यांनी पाचशे फूट मारला. पाणी लागलं, पण बेताचं. आधी सबमर्सिबल सोडली होती, ती गाळाने अडकली. अडकलेली मोटार काढायला आलेल्या माणसाने मोटारीच्या किमतीएवढंच बिल केलं आणि मोटार काही निघाली नाही, पाइप निघाला. तेव्हापासून तात्यांचा फिरत्या यंत्रांवरचा विश्वास उडाला आणि पुढचा बोअर मारून त्यांनी कंप्रेशर बसवला. (कॉम्प्रेसर कंपनीत तयार होतो, शेतात आला की त्याचा कंप्रेशर होतो.) याची खुबी अशी की बोअरमध्ये फिरणारं काही जातच नाही. एक बारीक पाइप हवेचा, एक मोठा पाण्याचा. बारक्यातून खाली हवा सोडायची, ती मोठ्या पाइपच्या तळाशी बुडबुडे होऊन शिरते. पाणी आणि बुडबुडे मिसळून हलके होतात आणि बाहेरचं जड पाणी त्यांना वर रेटतं. फुटबॉल (म्हणजे फुटव्हॉल्व्ह) नको, वाइंडिंग जळत नाही, गाळ आला तर तोही मुकाट वर येतो. वीज मात्र जास्त खातं. तात्या म्हणतात, "खाऊ द्या, पर अडकत तर न्हाई."

आता बुडबुडा बघा. तेहेतीस-चौतीस फूट पाण्याचा थर म्हणजे एका वातावरणाचा दाब. पाइपचं बूड पाचशे फुटांवर आणि पाणी दोनशे फुटांवर असेल, तर बुडबुड्यावर तीनशे फूट पाणी उभं. वरच्या हवेचा दाब धरला तर सगळे मिळून जवळजवळ दहा वातावरणं. बुडबुडा निघतो बोराएवढा, आणि जसजसा वर येतो तसतसं डोक्यावरचं ओझं कमी होत जातं आणि तो फुगत जातो. तोंडाशी पोचेस्तोवर आकारमान जवळजवळ दहापट. फुगताना खरं तर हवा गार पडायला बघते, पण भोवती पाणी आहे, पाण्याभोवती पाषाण आहे. वर मे महिन्याचं ऊन असो की डिसेंबरातली पहाट, खालचं पाणी बारा महिने जवळजवळ तेवढंच कोमट. ते बुडबुड्याला हवी तेवढी ऊब देतं, त्याचं तापमान पडू देत नाही. सरांना पैकीच्या पैकी मार्क देता येतील असा विद्यार्थी पाचशे फूट खाली होता, आणि सर आयुष्यभर पहिल्या बाकावर शोधत राहिले.

तात्यांचंही कौतुक केलं पाहिजे. कंप्रेशर दोन तास चालला की वरचा पाइप भाजायला लागतो, म्हणून त्यांनी तो हौदातून फिरवून आणला आणि डोक्यावर ओलं गोणपाट टाकलं. वॉशर जळू नयेत एवढाच हेतू. पण हवा एका झटक्यात तापवत दहा वातावरणांपर्यंत दाबायला, ती गार करत-करत दाबण्यापेक्षा सुमारे ४० टक्के जास्त कष्ट पडतात. कंपन्या दोन टप्प्यांत दाबून मध्ये हवा गार करतात ती याचसाठी. तात्या सातवीत शाळेतून निघाले, अर्धा मार्क जाण्याइतकेही पुढे गेले नाहीत. पण तापमान स्थिर ठेवण्यासाठी आमच्या पंचक्रोशीत कुणी हालचाल केली असेल तर ती त्यांनी, गोणपाट घेऊन.

एप्रिल उलटला की पाणी उतरतं. चारशे-सव्वाचारशे फुटांवर गेलं की बुडबुड्यावर ऐंशी-नव्वद फूटच पाणी राहतं. त्याचं फुगणं साडेतीनपटीवर येतं, आणि पाइपची निम्मी लांबी तरी पाण्यात बुडालेली असावी हा जो ठोकताळा असतो, त्याचे बारा वाजतात. कंप्रेशर जोरात, काटा खाली, पाइपच्या तोंडातून दोन गुळण्या पाणी आणि मग नुसता फुसफुसाट. तात्या मेकॅनिकला बोलावतात. मेकॅनिक पाइपला कान लावतो, पट्टा दाबून बघतो, आणि दर वर्षी एकच सांगतो, "अजून दोन पाइप सोडावं लागतेत." बोअर पाचशेवर संपला आहे याची आठवण करून दिली की म्हणतो, "मग बोअर वाढवा." हा माणूस तिरुचेंगोडवाल्यांचा पाव्हणा असावा असा आमचा संशय आहे.

गेल्या उन्हाळ्यात मात्र वेगळंच झालं. तात्यांच्या बांधाला लागून दाजींचं शेत. दाजींचा बोअर कोरडा गेलेला, तोंडावर गोणीचा बोळा कोंबून ठेवलेला. एका रात्री दोनला लाइट आली, तात्यांनी कंप्रेशर सुरू केला, आणि दाजींचा बोळा आवाज करून उडाला. पाठोपाठ हवा, आणि हवेमागून गढूळ पाण्याची पिचकारी. पाषाणातल्या एका फटीने दोन्ही बोअर आतून जोडले गेले होते. हवेला बांध कळत नाही, तिला जिकडे रेटा कमी तिकडे ती जाते.

दाजी बॅटरी घेऊन आले. "तात्या, तुमची हवा माझ्या बोअरातून यायलीय."

"माझी हवा हाय ना? मग लाइटचं बिल निम्मं द्या."

"आन् पाणी कुणाचं? ते माझ्या बोअरातनं यायलंय."

"उचलायलंय कोण? तुमचा बोअर कोरडा हाय म्हणून तुम्हीच सांगत फिरायलाव की गावभर."

सकाळी सर आले. निवृत्तीनंतर ते गावातच असतात आणि असल्या प्रसंगांना त्यांना आवर्जून बोलावतात, कारण ते कुणाच्याच बाजूचे नसतात आणि फार बोलतात. त्यांनी दोन्ही बोअरांच्या तोंडाशी वाकून बघितलं, काडीने मातीत दोन उभ्या रेघा आणि मध्ये एक तिरकी रेघ काढली, "म्हणजे ही तुमची जे आकाराची नळीच झाली," म्हणून खूश झाले, आणि ठरावीक वस्तुमानाच्या अटीपासून सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या अटीवर येईपर्यंत दाजी उठून गेले होते.

आठवड्याने दाजींनी स्वतःचा कंप्रेशर आणला, तात्यांच्यापेक्षा दोन हॉर्सपॉवरने मोठा. आता रात्रीची लाइट आली की दोघं एकाच वेळी बटण दाबतात आणि आपापल्या खाटेवर जाऊन झोपतात. कुणाच्या हवेने कुणाचं पाणी उचलतंय याचा हिशेब सरांनाही लागत नाही. दोघांच्या पोरांनी बांधावरच्या एकाच हौदात दोन्ही पाइप आणून सोडलेत आणि पाळीने भिजवणं चाललंय. बापांना अजून सांगितलेलं नाही.